पिकअप मिसिंग करतेय? आधी सिलिंडर शोधा

एप्रिल उजाडला की रत्नागिरीतल्या पिकअपना उसंत नसते. पावस, गोळप, गणेशगुळे, नेवरे, जयगड अशा गावांतून संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरायच्या, रात्रभर महामार्ग कापायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात गाडी लावायची. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरच्या या फेऱ्या पाठोपाठ चालू असतात आणि हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. नेमक्या याच दिवसांत एखादी गाडी परशुराम घाटाच्या चढाला भरल्या मालासह झटके खायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलत नाही, गिअर खाली टाकला तर इंजिन थरथरतं, सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ असा तुटक आवाज येतो. ड्रायव्हर मालकाला फोन करून सांगतो, "गाडी मिसिंग करतेय."

पुढे काय होतं तेही जवळजवळ ठरलेलं आहे. घाईघाईत प्लग बदलले जातात. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मग कॉइल, मग फिल्टर, मग इंजेक्टर. खर्चाचा आकडा फुगत जातो आणि काढलेले भाग खरोखर खराब होते का, हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. मिसिंगची कारणं डझनभर असतात, पण ती शोधायची वाट एकच आहे. आधी कुठला सिलिंडर पेटत नाही ते ठरवायचं, मग त्या सिलिंडरला काय मिळत नाही ते शोधायचं, आणि भाग बदलायचा तो त्यानंतर. ही वाट ड्रायव्हर-मालकालाही समजण्यासारखी आहे. ती समजली की गॅरेजमध्ये काय विचारायचं हे कळतं आणि पैसेही वाचतात.

पेटायला काय लागतं

हवा-इंधन आत घेणं, ते दाबणं, पेटवणं आणि जळलेला वायू बाहेर टाकणं, ही चार कामं प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत उरकतो. म्हणजे दर दोन फेऱ्यांना तो एकदा पेटतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. ३००० फेऱ्यांवर हाच आकडा १५०० होतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. यातली एखाद-दुसरी वेळ चुकली तर आपल्याला कळतही नाही. पण एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा चुकायला लागला, की शिमग्याच्या पालखीत एका भोयाचं पाऊल चुकावं तसं होतं: बाकीचे तिघं नीट चालत असले तरी हिसका सगळ्या पालखीला बसतो.

सिलिंडर किती आहेत यावर हा हिसका किती मोठा ते ठरतं. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला चार सिलिंडर, मारुतीच्या सुपर कॅरीलाही चार. पण २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीला, दोनच. तिथे एक सिलिंडर बसला की निम्मी ताकद गेली, आणि भरलेली गाडी आंबा घाटात हलायलाही तयार होत नाही.

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. पहिली, हवा आणि इंधनाचं योग्य प्रमाण. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे १७ किलो. दुसरी, पुरेसा दाब. पिस्टनने दाबलेलं मिश्रण रिंगांच्या किंवा व्हॉल्व्हच्या फटीतून निसटत असेल तर ते नीट पेटणार नाही. तिसरी, वेळेवर पडलेली दणदणीत ठिणगी. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल पंधरा ते तीस हजार व्होल्ट करते, तेव्हा कुठे प्लगच्या टोकावरच्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतून ठिणगी उडी मारते.

मिश्रण जितकं जास्त दाबलेलं, तितकं ठिणगीला उडी मारणं अवघड जातं आणि तितका जास्त व्होल्टेज लागतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा भरून येते, दाब वाढतो आणि कॉइलवर ताण येतो. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत कसाबसा काम करणारा झिजलेला प्लग किंवा तडकलेलं रबरी बूट नेमकं इथे हार मानतं. वीज प्लगच्या फटीतून जाण्याऐवजी सोपी वाट धरून इंजिनाच्या धातूत उतरते आणि सिलिंडर कोरडा जातो. भरल्या गाडीचं मिसिंग घाटातच जास्त का दिसतं, याचं उत्तर इथे आहे.

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो. त्यामुळे ठिणगी कमजोर होत चालली की तिची पहिली चाहूल गॅसवर लागते, पेट्रोलवर ती गाडी बराच काळ निमूट धावत राहते.

स्पॅनरच्या आधी प्रश्न

चांगला मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला बोलतं करतो, कारण निम्मं निदान ड्रायव्हरच्या तोंडून मिळतं. मिसिंग कधी येतं हे कळलं की संशयितांची यादी लगेच आखूड होते.

फक्त आयडलिंगला थरथरते आणि रेस केली की सुधारते? मग इनटेकच्या बाजूला कुठून तरी बाहेरची हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. तडकलेला व्हॅक्यूम पाइप, सैल क्लिप, वाळलेलं गॅसकेट अशा जागी कान दिला तर सूं असा आवाजही येतो. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून ही चोरटी हवा तेव्हा जास्त बाधते. रेस केल्यावर एकूण हवेत तिचा वाटा नगण्य होतो.

फक्त चढावर, भरल्या मालावर? तर प्लग, कॉइल, किंवा इंधनाचा कमी पडणारा पुरवठा. फक्त गरम झाल्यावर? मग तापल्यावर तुटणारी कॉइल, किंवा टॅपेटचं अंतर कमी पडून पुरता न मिटणारा व्हॉल्व्ह. सीएनजीवर जास्त चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचं अंतर घटतं. म्हणून अशा गाडीत टॅपेट वेळच्या वेळी तपासायलाच हवेत.

पावसात किंवा सकाळच्या दवात मिसिंग होतं आणि ऊन चढलं की थांबतं? मग ओलावा कुठे बसतोय ते शोधायचं. कॉइलपासून प्लगपर्यंत जाणारी एचटी वायर असलेल्या जुन्या गाडीत हे घरीही बघता येतं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींच्या बाजूने निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, की इन्सुलेशन फाटल्याचं कळतं. बघताना हात मात्र लांब ठेवायचे.

आणि इंधन भरल्यानंतर लगेच सुरू झालं? तर टाकीतच काहीतरी गेलं आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि पंप आधी तेच उचलतो. फिल्टरमागून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवलं, तर तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसतो. पाण्याने बिघडलेलं इंधन असं दिसलं, तर टाकी रिकामी करून साफ करणं हाच उपाय. कितीही प्लग बदलले तरी फरक पडणार नाही.

चेक लाइट काय सांगतो

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्या गाड्यांचं ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मिसिंगवर सतत नजर ठेवून असतं. त्याची पद्धत साधी आणि हुशारीची आहे. क्रँकशाफ्टजवळच्या सेन्सरला चाकाचे दात पुढे सरकताना दिसतात. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळून ती किंचित वेग घेते, नाही पेटला तर किंचित मंदावते. कुठल्या सिलिंडरची पाळी असताना ती मंदावली, हे ईसीएमला माहीत असतं, म्हणून ते सिलिंडरचा नंबरही सांगू शकतं.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की हा नंबर कोडच्या रूपात वाचता येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, याच क्रमाने पुढे. पी ०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही, ते ठिकठिकाणी फिरतंय. हा फरक मोलाचा आहे. एकच नंबर येत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह बघायचे. ०३०० येत असेल तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: इंधनाचा दाब, फिल्टर, हवेची गळती, क्रँक सेन्सर, इंजिनाची अर्थिंगची वायर. एका प्लगमुळे चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत नाहीत.

खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसके गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोचतात आणि तेही मिसिंगसारखेच दिसतात. म्हणून कंपन्या खराब रस्ता ओळखण्याची सोय ईसीएममध्ये ठेवतात. तरीही रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात एकदाच नोंदलेला कोड हा पक्का पुरावा मानू नये. कोड पुसून गाडी चांगल्या रस्त्यावर फिरवावी आणि तो परत येतो का ते पाहावं.

डॅशबोर्डवरचा चेक लाइट स्थिर पेटला असेल तर गाडी लवकर दाखवायची. लाइट उघडझाप करत असेल तर मात्र ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि तरी थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्यायची. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तिथलं तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि आतली जाळी वितळते. शिवाय तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. एका प्लगपायी कन्व्हर्टर आणि रिंगा दोन्ही गमावण्याइतकी कुठलीच फेरी तातडीची नसते.

स्कॅनर नसला तरी सिलिंडर ओळखता येतो. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर काढायचा आणि परत लावायचा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की आवाज लगेच पडतो. ज्या सिलिंडरला काही फरकच पडत नाही, तो आधीपासून बसलेला. कॉइलचा कपलर काढून ही परीक्षा करण्यापेक्षा इंजेक्टरचा काढणं बरं, कारण मग न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जात नाही. जुने मेस्त्री थंड इंजिन चालू करून एक्झॉस्टच्या एकेका फांदीवर पाण्याचा थेंब टाकत. पेटणाऱ्या सिलिंडरच्या फांदीवर तो चुर्र होऊन उडतो, न पेटणाऱ्यावर तसाच ओघळतो. आज तेच काम लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर जास्त नेमकं करतो.

पेट्रोलवर पळते, गॅसवर अडते

आता ही वाट एका गाडीवर चालून बघू. रत्नागिरीतल्या गॅरेजात एक सीएनजी पिकअप येते. चार सिलिंडर, पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारी.

"कधीपासून करतेय, दादा?"

"कालच्या फेरीला, मेस्त्री. चिपळूणपर्यंत काही नव्हतं. परशुरामच्या चढाला झटके खायला लागली."

"पेट्रोलवर टाकून बघितलीत?"

"बघितली ना. पेट्रोलवर चांगली पळते. वाशी तशीच गाठली."

या चार वाक्यांत बरंच काही आलं. पेट्रोलवर गाडी ठीक आहे म्हणजे कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, हवेची गळती, क्रँक सेन्सर यांच्यावरचा संशय बराच कमी झाला, कारण हे सगळं दोन्ही इंधनांना सामाईक आहे. राहिले दोघं. एक, प्लग किंवा कॉइल, कारण गॅस जास्त व्होल्टेज मागतो. दोन, गॅसची स्वतःची बाजू, म्हणजे गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर.

स्कॅनर पी ०३०२ दाखवतो. एकच नंबर आला म्हणजे फिल्टर आणि रेग्युलेटर मागे पडले, ते बिघडले असते तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते. आता कामाला येते अदलाबदल. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावायची, कोड पुसायचा, गाडीत वजन टाकून चढावर फिरवून आणायची. कोड ०३०३ झाला असता तर दोष कॉइलबरोबर सरकला असं सिद्ध झालं असतं. इथे तो ०३०२ च राहतो. मग प्लगची अदलाबदल चौथ्या सिलिंडरशी. एका वेळी एकच भाग, नाहीतर कशाने काय बदललं ते कळत नाही. परत ०३०२. कॉइल सुटली, प्लग सुटला, आणि आतापर्यंत एकही नवा भाग विकत घ्यावा लागलेला नाही.

आता दुसऱ्या सिलिंडरच्या गॅस इंजेक्टरचा कपलर काढून उजेडात धरला, तर दोन पिनांपैकी एकीवर हिरवट बुरशी चढलेली. कपलरच्या तोंडाशी असणारं रबरी सील जागेवर नाही. कारण ड्रायव्हरशी बोलण्यातून उलगडतं. आंब्याचा हंगाम सोडला तर हीच गाडी मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहते, आणि मासळीची फेरी झाली की प्रेशरच्या पाण्याने धुतली जाते. सील निसटलेल्या कपलरमध्ये खारट पाणी शिरलं, तांब्याच्या पिनेवर क्षार चढले, संपर्क कमजोर झाला. सपाटीला इंजेक्टर कसाबसा उघडत होता. चढावर इंजिनाची थरथर वाढली की संपर्क तुटायचा आणि दुसऱ्या सिलिंडरला गॅसच मिळायचा नाही.

दुरुस्ती काय? खराब पिना बदलायच्या, कपलरला नवं सील घालायचं, आत कपलरसाठी मिळणारं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं आणि वायर ताणली जाणार नाही अशी क्लिपने बांधायची. मग पुन्हा वजन टाकून, त्याच प्रकारच्या चढावर, गॅसवरच चाचणी. ज्या परिस्थितीत दोष दिसला त्याच परिस्थितीत तो गेला, हे पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. अंदाजाने गेलं असतं तर चार प्लग आणि दोन-तीन कॉइल बदलून गाडी पुन्हा परशुराम घाटात अडली असती.

प्लग काढलाच आहे तर वाचा

प्लग सिलिंडरच्या आतून बाहेर येतो, म्हणून आत काय चाललंय ते त्याच्या टोकावर उमटतं. फिकट तपकिरी टोक म्हणजे जळण उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट, ओलं काळं म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येतंय. तिथे नवा प्लगही लवकरच तसाच होणार. पांढरंफटक, फोड आल्यासारखं टोक म्हणजे अतिउष्णता किंवा इंधन कमी. पेट्रोलने ओला असेल तर इंधन मिळालं, पण ठिणगी पडली नाही. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडकलाय, तो परत लावू नये. चारही प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवावेत. तिघं सारखे आणि एक वेगळा दिसला, तर पुढचं काम त्या एकाच सिलिंडरमध्ये आहे.

फटीचं अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, फिलर गेजने ते जुळवून पाहावं. झीज झाली की फट वाढते आणि वाढलेली फट जास्त व्होल्टेज मागते, मग त्याचा भार कॉइलवर पडतो. नवा प्लग आधी बोटांनी फिरवून आटे धरल्याची खात्री करावी, मगच पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की दुरुस्ती प्लगपेक्षा कितीतरी महाग पडते.

डिझेलचं गणित वेगळं

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं आणि इंजेक्टरमधून उडालेलं डिझेल त्या उष्णतेनेच पेटतं. त्यामुळे बोलेरोसारख्या डिझेल पिकअपमध्ये मिसिंग म्हणजे प्रश्न दोनच: डिझेल नीट येतंय का, आणि हवा नीट दाबली जातेय का.

आधी धूर बघावा. थंड इंजिनातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: टपकणारा इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप. निळा धूर ऑइलचा.

मग डिझेल फिल्टर. कोकणातल्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री ओलावा साचतो, आणि पिंपात साठवलेलं डिझेल वापरलं तर त्यातूनही पाणी येतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकणं हे मिनिटांचं काम, पण तेच राहून जातं. पाणी पुढे गेलं तर इंजेक्टरच्या आतले अतिबारीक भाग गंजतात. फिल्टरकडे येणारा पाइप कुठे तडकला असेल तर त्यातून डिझेल गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. फिल्टरजवळ तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुडे पळताना दिसतात.

आता एक सवय सोडून द्यायला हवी. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनावर नोझलच्या पाइपचा नट सैल करून मेस्त्री बसलेला सिलिंडर शोधत. तेव्हाची इंजेक्टर उघडायला लागणारी दाबाची पातळी दोनशे बारच्या आसपास असायची. आताच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. त्या दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार हातमोज्यातून, कातडीतून आत शिरते. बाहेर फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, आत मात्र मांस कुजायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डिझेल आत शिरलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. कॉमन रेलचा नट चालू इंजिनावर कधीही सोडू नये, बंद केल्यावरही दाब उतरू द्यावा.

त्याऐवजी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरला ईसीएम किती जास्त-कमी डिझेल देऊन सांभाळून घेतंय ते दिसतं. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तिथे गडबड आहे. मग इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून ठराविक वेळ इंजिन चालवायचं. ज्या बाटलीत डिझेल भरभर भरतं, तो इंजेक्टर आतून झिजलाय. मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, नाशिकच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. इतक्या बारकाईने बनवलेला भाग रस्त्याकडेला उघडून पिनेने साफ करणं म्हणजे त्याची वाट लावणं. तो डिझेल पंप-इंजेक्टरच्या टेस्ट बेंचवरच तपासला जावा. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, हे मालकाने आवर्जून विचारून घ्यावं. कोड भरायचा राहिला, तर नव्या इंजेक्टरनेही इंजिन थरथरत राहतं.

सगळं ठीक, तरी मिसिंग

ठिणगी आहे, इंधन आहे, तरी सिलिंडर पेटत नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावायची वेळ आली. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय दाब मिळतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती, हे जास्त बोलकं असतं. पेट्रोल इंजिनातल्या कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट जळालेलं असण्याची शक्यता जास्त.

चिपळूणच्या गाड्यांना हे विशेष लागू पडतं. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी शिरलेल्या इंजिनाला सेल मारला की पिस्टन पाणी दाबू पाहतो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन नंतर चालू होतं, पण वाकलेल्या रॉडमुळे तो पिस्टन पूर्ण वर पोचत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब कायमचा कमी राहतो. जुनी पिकअप घेताना ती पुरातली असेल असा संशय आला, तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. बुडालेल्या गाडीला तर प्लग किंवा इंजेक्टर काढून, पाणी बाहेर काढल्याशिवाय सेल मारूच नये.

वेळ साधून तपासणी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा वाहतो. इथल्या गाडीत कपलर, अर्थिंगचे नट आणि फ्यूज बॉक्स हे भाग घाटावरच्या गाडीपेक्षा कितीतरी आधी कुरकुर करतात. त्यामुळे इथे मिसिंगचा शोध घेताना महागड्या भागाआधी त्याला जाणारी वायर बघावी. गाडी धुताना इंजिनावर प्रेशरचा फवारा मारू नये.

ही देखभाल करायला आपल्याकडे निसर्गानेच जागा ठेवली आहे. मेअखेर आंबा संपतो आणि जूनच्या सुरुवातीला यांत्रिक मासेमारी बंद होते. पिकअपला तेव्हा काही दिवस उसंत मिळते. याच दिवसांत प्लग काढून वाचावेत, टॅपेट तपासावेत, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढावं, कपलर उघडून पिना पाहाव्यात, सील बदलावीत, अर्थिंग घासून घट्ट करावी. काय केलं आणि किती किलोमीटरवर केलं, हे एका वहीत लिहून ठेवावं. पुढच्या हंगामात मिसिंग आलंच, तर ती वही मेस्त्रीच्या हातात द्यावी. आणि कुठलाही भाग बदलण्याआधी त्याला एकच गोष्ट विचारावी: हाच भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं? ज्याने सिलिंडर शोधलाय, अदलाबदल करून पाहिलीय, तो याचं उत्तर आनंदाने देईल आणि जुना भाग हातात ठेवून त्यातला दोष दाखवील. उत्तर मिळत नसेल, तर तो भाग अजून बदलायचा नाही.